चढाला काळा धूर, ईजीआर धुतला की दोन महिने शांत, मग पुन्हा तेच

गाडी २०१७ची, १.३ लिटर टर्बो डिझेल, भारत स्टेज ४, चाललेली १ लाख १८ हजार किलोमीटर. चिपळूण ते कराड हा माझा महिन्यातून दोन-तीनदा होणारा रस्ता. पोफळी मागं पडून कुंभार्ली घाटाचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की आरशात मागचा रस्ता दिसेनासा व्हायचा. एकदा भाचा बाइकवर मागून येत होता. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "मामा, पुढं ट्रक आहे असं समजून मी ओव्हरटेक मारायला निघालो होतो."

सपाट रस्त्यावर काही नाही. न्यूट्रलमध्ये रेस केली तर किंचित भुरकट. पीयूसी पास, आकडाही चांगला. इंजिनाचा पिवळा दिवा कधीच लागला नाही. घाटात मात्र हमखास काळा धूर, आणि गाडी ओढायलाही आळशी झालेली. अ‍ॅव्हरेज १९-२० वरून १६ वर आलं होतं.

दीड वर्षात यावर जे झालं ते आधी सांगतो, कारण बहुतेकांचं असंच होतं. पहिल्यांदा एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले. फरक शून्य. मग ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काढला, आत बोटभर जाडीची काजळी, ती धुतली. गाडी हलकी वाटली, धूर गेला. दोन-अडीच महिन्यांनी परत. पुन्हा ईजीआर धुतला, सोबत टाकीत इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) साफ करायच्या क्लीनरची बाटली ओतली. पुन्हा दोन महिने. तिसऱ्या खेपेला गॅरेजवाल्याने सांगितलं, "दादा, आता चारही इंजेक्टर बदलायला लागतील." आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली आणि म्हटलं, आधी आपण जरा बसून विचार करू.

धुराचा रंग ही सगळ्यात स्वस्त तपासणी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल वाफ होऊन बाहेर पडतंय किंवा कूलंटचं पाणी आत जातंय. काळा म्हणजे कार्बन, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला बसते तीच काजळी. जितकं डिझेल आत गेलं तितक्याला पुरेल एवढी हवा मिळाली नाही, एवढंच त्याचं सांगणं. यावर आपण आणि मेकॅनिक दोघेही लगेच "डिझेल जास्त जातंय" असं म्हणतो आणि इंजेक्टरकडे धावतो. माझ्या अनुभवात दहा वेळा धावलं तर आठ वेळा ते उलट्या दिशेला असतं. डिझेल ठीक असतं, हवा कमी पडत असते.

दुसरा प्रश्न, धूर नेमका कधी येतो. सकाळी स्टार्ट करताना आणि आयडलवरही (इंजिन चालू, पाय दिलेला नाही) काळा असेल, सोबत इंजिन एका सिलिंडरवर ठकठक करत असेल, तर इंजेक्टरचा संशय रास्त आहे. कमी वेगात, जरासा पाय दिला तरी येत असेल आणि गाडी सगळीकडेच सुस्त असेल, तर ईजीआर उघडा अडकलेला असू शकतो. फक्त लोडवर, म्हणजे चढाला, पाच माणसं बसवून, उंच गिअरमध्ये पूर्ण पाय दिल्यावर येत असेल, तर टर्बोने दाबलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचते का ते बघायचं. गिअर बदलल्यावर एखादा छोटा भपका जुन्या डिझेल गाडीत येतोच. टर्बो वेग धरेपर्यंतचा तो असतो, त्याच्या मागे लागू नका.

माझं प्रकरण सरळ तिसऱ्यातलं होतं. न्यूट्रलमधली रेस आणि घाटातला चढ यात फरक हाच की न्यूट्रलमध्ये इंजिनावर ओझं नसतं, टर्बो पुरता दाब धरतच नाही. डिझेलची पीयूसी चाचणी न्यूट्रलमध्येच पाय दाबून होते. भारत स्टेज ४ च्या गाडीला धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. माझी गाडी त्यात आरामात बसत होती आणि घाटात डांबराची भट्टी होत होती. तेव्हा "पीयूसी पास आहे म्हणजे इंजिन ठीक" हे डोक्यातून काढून टाका.

आता हवेचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. एअर फिल्टर, त्याच्या तोंडाशी एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), मग टर्बो, टर्बोतून रबरी होजने इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा), इंटरकूलरमधून दुसऱ्या होजने इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा). ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा मोजतो ती एमएएफपाशी, टर्बोच्या आधी. पूर्ण पाय दिल्यावर जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं ते तो त्या मापावर ठरवतो. टर्बोच्या पुढे होज फाटलेला असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. ईसीयूच्या वहीत जमा आहे, सिलिंडरच्या पदरात नाही. डिझेल मात्र वहीप्रमाणे पडतं. काळा धूर तिथून येतो. यात इंजेक्टरचा काडीचाही दोष नाही.

हे पटलं म्हणून भाच्याकडून ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे वाचणारा) घेतला. ईएलएम३२७ नावाने हजार रुपयांच्या आत मिळतो. मोबाइलवर एक अ‍ॅप टाकलं. बिघाडाचा कोड एकही नव्हता. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, तो असेल असं वाटलं होतं, पण ईसीयू बरीच सूट देऊन मगच दिवा लावतो. कोड नाही म्हणून बिघाड नाही असं नसतं. आकडे बघायचे.

पहिला आकडा, मॅनिफोल्डचा दाब. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतका दिसला पाहिजे. चिपळुणात, समुद्रसपाटीच्या जवळ, १०० किलोपास्कलच्या आसपास. घाटमाथ्यावर थोडा कमी. हा आकडाच वेडावाकडा असेल तर हा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर काजळी बसली आहे, आधी तो साफ करा. माझा १०० होता. मग भाच्याला शेजारी मोबाइल धरून बसवलं आणि घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला. आकडा १३०, १४५, १५२ असा चढला आणि तिथंच अडला. अशा इंजिनाला लोडवर २०० च्या आसपास जायला हवं. अडल्या क्षणी मागं काळं. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही, दुसरा माणूस घ्याच.

दुसरा आकडा एमएएफचा, ग्रॅम प्रति सेकंद. याचा हिशोब घरी करता येतो. १.३ लिटरचं इंजिन ८५० आरपीएमला सेकंदाला साधारण ९.२ लिटर हवा ओढतं (चार स्ट्रोकमुळे दोन फेऱ्यांत एकदा). उन्हाळ्याच्या हवेत लिटरचं वजन सुमारे १.१६ ग्रॅम. म्हणजे कागदावर १०.७ ग्रॅम, प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून ९ च्या आसपास. ईजीआर उघडा असेल तर तितकी जागा जळलेला धूर खातो आणि आकडा ५-६ वर येतो. इंजिन गरम असताना आयडलवर ईजीआरचा प्लग काढला आणि आकडा ५ वरून ९ कडे उडी मारून गेला, तर व्हॉल्व्ह बंद होतोय. प्लग काढूनही ५ वरच राहिला तर तो उघडा अडकलाय किंवा एमएएफ कमी मोजतोय. एक खुबी आहे. काही मिनिटं आयडलवर उभी ठेवली की बऱ्याच गाड्या ईजीआर आपोआप बंद करतात, तेव्हा ही तपासणी इंजिन आयडलवर आल्या आल्या करा. प्लग काढल्याने दिवा लागेल, तो कोड नंतर अ‍ॅपमधून पुसा.

माझा ईजीआर पुन्हा चिकट झाला होता. प्लग काढल्यावर ७ पर्यंतच आला. पण नुसत्या ईजीआरने दाब १५२ वर अडणार नाही एवढा अंदाज आला होता.

मग होज. आधी नुसत्या डोळ्यांनी बघितले, वरून सगळे ठणठणीत. गॅरेजवाल्यानेही असेच बघितले होते. गंमत ही की फट आतून दाब आल्यावरच उघडते, इंजिन बंद असताना ओठ मिटल्यासारखी मिटून असते. म्हणून दाब देऊन बघायचं. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीची एंड कॅप घेतली, टर्बोच्या तोंडाच्या होजला बसेल अशा मापाची. पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह, पन्नास रुपये. कॅपला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवला. एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा पाइप काढून तिथे ही कॅप क्लिपने आवळली. ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा) पाइप बोळा घालून बंद केला, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे त्या पोटात, शिरते. इंजिन थंड आणि बंद. मग पायपंपाने हवा भरली, १० पीएसआयपर्यंत. त्याच्या वर जाऊ नका, आणि कॅपच्या समोर तोंड करून बसू नका. ती उडाली तर बुचासारखी उडते.

थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे निघून जाणारच, त्याची हलकी सुसू चालते. ती सोडून जोराचा फुस्स कुठे येतो ते ऐकायचं. माझ्याकडे खालून आला. गाडीखाली मोबाइलचा टॉर्च घेऊन शिरलो. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा खालचा होज, त्याच्या वळणाच्या पोटाला तेलकट काळा पट्टा आणि त्यावर चिकटलेली लाल धूळ. फडक्याने पुसला, भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं. एका रेषेत, अंगठ्याच्या पेराएवढ्या लांबीत, बुडबुडे उकळल्यासारखे यायला लागले. पंप थांबवला की रेषा गायब, बोटाने चाचपून पण हाताला लागेना.

ईजीआर धुतल्यावर दोन महिने बरं का वाटायचं, त्याचं उत्तर इथंच होतं. हवा निसटली की इंजिन काजळी करतं. त्यातली थोडी ईजीआरमधून परत इनटेकला येते, व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग चढालाही थोडा जळका धूर आत जातो आणि ताज्या हवेची जागा आणखी कमी होते. धुतल्यावर हा दुसरा भाग तेवढा सुटायचा. खरं म्हणजे धूर जात नव्हता, निम्मा होत होता, आणि मी त्याला "गेला" म्हणून मोकळा होत होतो. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

नवा होज आणला. बसवायच्या आधी सहज जुनी बिलं चाळली आणि डॅशबोर्डच्या खणात ८१ हजारांवरचं एक बिल सापडलं: "टर्बो होज बदली". म्हणजे हाच होज आधी एकदा फाटून बदलला होता. सदतीस हजार किलोमीटरमध्ये रबराचा होज दुसऱ्यांदा जात असेल तर होजला कोणीतरी मारतंय.

जुना होज हातात घेऊन बघितला. फट होती तिच्या बाजूला रबर घासून गुळगुळीत झालेलं. त्याच्यासमोर काय येतं तर रेडिएटर पंख्याच्या चौकटीची कड. गाडी उभी असताना दोहोंत दोन बोटांचं अंतर आहे. मग बॉनेट उघडून भाच्याला आत बसवलं, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला लावला, मग रिव्हर्समध्ये. मी बाजूला उभा, गाडीसमोर नाही. पहिल्याला इंजिन वरून मागे झुकलं आणि त्याचं बूड पुढे असं काही आलं की होज चौकटीला जाऊन टेकला; रिव्हर्सला उलट. कारण इंजिन धरून ठेवणारं खालचं मागचं माउंटिंग, त्यातलं रबर चिरून दोन तुकडे झालेलं. पूर्ण पाय दिला की इंजिन पिळ घेतं आणि होज कडेवर घासतो. चढ असेल तेव्हाच. टर्बोचं थोडं तेल होजमध्ये येतंच, ते रबर मऊ करतं, घासणं सोपं होतं.

माउंटिंग, होज आणि दोन नव्या क्लिप मिळून मजुरीसह साडेपाच हजारांच्या आत झालं. क्लिपबद्दल एक सांगायचं तर जुनी स्क्रूची क्लिप फार आवळली की रबर कापते. मूळ मापाचीच घ्या. ईजीआर शेवटचा एकदा धुतला, मॅप सेन्सर पुसला, एमएएफला फक्त त्याचाच स्प्रे मारला. एमएएफच्या तारेला कापूस, ब्रश, बोट काही लावायचं नाही. त्याच आठवड्यात घाटात तिसऱ्याला पूर्ण पाय, आकडा २०६. आरशात मागची एसटी स्वच्छ दिसत होती.

हे झालं माझ्या गाडीचं. तुमच्याकडे होज आणि ईजीआर दोन्ही ठीक निघाले तर पुढे काय, ते थोडक्यात.

एअर फिल्टर मी वर उडवून लावला, पण महामार्गाच्या कामाच्या धुळीत चालणाऱ्या गाडीला तो आधी बघाच. उजेडासमोर धरून आरपार दिसत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरच्या हवेने जोरात झाडू नका, कागद फाटतो. तेल लावायचे कापडी फिल्टर बसवणाऱ्यांनी एमएएफ तपासावा, ते तेल सेन्सरवर जाऊन बसतं.

टर्बो: दाब वाढत नाही आणि गळतीही नाही, तर अ‍ॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब आवरणारी) काडी हलते का, तिच्याकडे जाणारी बारीक नळी फुटली आहे का ते बघा. चाळीस रुपयांच्या नळीसाठी टर्बो बदललेला मी पाहिला आहे. व्हेरिएबल टर्बोत (ज्याच्या आतली पाती फिरतात) ती पाती काजळीने अडकतात. कायम गावातल्या गावात, दोन हजार आरपीएमच्या खाली चालणाऱ्या गाड्यांना हे जास्त होतं. सायरनसारखा आवाज आणि निळा धूर असेल तर टर्बोची शाफ्ट गेली. तेव्हा मात्र गाडी चालवू नका.

इंजेक्टर शेवटी. गॅरेजमध्ये रिटर्न पाइपला बाटल्या लावून जी तपासणी करतात, ती आतली गळती दाखवते. तिने स्टार्टिंगचा त्रास आणि रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या दाबाच्या नळीचा) कमी दाब कळतो. नोझलचं टोक थेंब टाकतंय का, फवारा नीट पडतोय का, हे बाटल्यांमध्ये दिसत नाही. त्यासाठी टेस्ट बेंचच हवा. बाटलीत एक इंजेक्टर जास्त निघाला म्हणून काळ्या धुरासाठी चारही बदलणं म्हणजे अंधारात दगड. बदललेच तर नव्या इंजेक्टरवरचे कोड ईसीयूमध्ये घालून घ्या, नाहीतर नवे असूनही डिझेलचा हिशोब चुकतो. एक गोष्ट जीव तोडून सांगतो: इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा हाय प्रेशर पाइप सैल करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत लोक असं सिलिंडर ओळखायचे. कॉमन रेलमध्ये आयडललाच अडीचशे-तीनशे बार असतात, लोडवर हजाराच्या कितीतरी वर. ती धार कातडीतून आत जाते. छोटं भोक दिसतं आणि बोट कापायची वेळ येते.

ताकद वाढवायला ट्यूनिंग बॉक्स लावला किंवा ईसीयूचं रीमॅप केलं असेल तर धूर हा त्याचाच भाग आहे, आधी ते काढून बघा. आणि पंपावरच्या डिझेलला पहिल्याच दिवशी शिव्या देऊ नका. दोन वेगळ्या पंपांवरून टाकी भरूनही तसंच असेल तर डिझेलची चूक नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलवाल्यांनी धुराची वाटच बघू नये. त्यांच्याकडे सायलेन्सरच्या आधी डीपीएफ (धुराची गाळणी) असतो, तो काजळी धरून ठेवतो. होज फाटला तरी मागे काही दिसत नाही. दिसतं ते दुसरीकडे: डीपीएफ पटापट भरतो, रीजनरेशन (साठलेली काजळी जाळून तो रिकामा करणं) वारंवार लागतं, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढते, कारण रीजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. बीएस६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट घालून काळं निघत असेल तर डीपीएफ तडकलाय किंवा आधीच्या मालकाने काढून टाकलाय. जुनी गाडी घेताना हे बोट जरूर घाला.

पेट्रोल गाडीचा काळा धूर हे वेगळं प्रकरण. तिथे खरंच पेट्रोल जास्त जात असतं. ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर, किंवा कूलंटचा तापमान सेन्सर इंजिन कायम थंडच आहे असं सांगत बसलेला. स्पार्क प्लग काढून बघा, टोक कोरडं काळं असेल तर हेच. जास्त दिवस तसंच चालवलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि तो महाग आहे.

परवा सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा दुरुस्तीला चौदा महिने झाले होते. मुद्दाम ईजीआर उघडायला सांगितला. आत कोरडी, राखी रंगाची पातळ पापुद्री, नखाने खरवडली तर पडेल एवढीच. गॅरेजच्या पोराने कार्ब क्लीनरचा डबा उचलला होता. मी म्हटलं, राहू दे, तसाच लाव.